काळ्या-पांढऱ्या फोटोंतलें कुंकू

जालना, अंबड किंवा परतूर येथील एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर पाऊल ठेवलें, कीं भिंतीवरच्या तसबिरींची रांग आधीं नजरेंत भरते. देवादिकांच्या चित्रांशेजारीं घरांतील वडीलधाऱ्यांचे फोटो टांगलेले असतात. पागोटें बांधलेले पणजोबा, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली नऊवारींतली पणजी, काठी टेकून उभे असलेले कोणी काका, सारे काळे-पांढरे. त्या काळीं रंग टिपणें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें होतें, म्हणून ते तसे आहेत. त्यांत आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

आज परिस्थिति नेमकी उलट झाली आहे. खिशांतल्या मोबाईलपासून व्यावसायिकाच्या डिजिटल कॅमेऱ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक साधन रंग टिपतें. आणि तरीहि घरांतील वृद्ध माणसाचा फोटो मोठा करून लावावयाचा झाला, तर पुष्कळ लोक तो मुद्दाम काळा-पांढरा करून मागतात. यामागें केवळ जुन्याची हौस नाहीं. रंगीत फोटोंत मागची निळी प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवरचें कॅलेंडर, खुंटीवरचा भडक टॉवेल हीं सारीं चेहऱ्याशीं स्पर्धा करतात. रंग गेले कीं हा गलबला निवतो. कपाळावरच्या रेषा, डोळ्यांतलें पाणी आणि ओठांची ठेवण एवढेंच बोलूं लागतें. नाइलाजानें जें होत होतें, तें आतां निवडीनें होतें. परंतु जेथें निवड आली, तेथें जबाबदारीहि आली. आणि ती कोणती, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

सामान्य समजूत अशी, कीं फोटोंतले रंग 'काढून टाकले' म्हणजे तो काळा-पांढरा होतो. एखादें कापड धुतलें, रंग उतरला आणि मूळचें पांढरें उरलें, तसें कांहींसें. ही समजूत चुकीची आहे. डिजिटल चित्राच्या प्रत्येक बिंदूपाशीं तीन अंक असतात: लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. काळ्या-पांढऱ्या चित्राच्या बिंदूपाशीं मात्र एकच अंक असतो: उजेड किती. तेव्हां तीन अंकांचा एक अंक करणें हेंच येथलें खरें काम होय. तिघांच्या साक्षी ऐकून एक निकाल द्यावयाचा, असा हा प्रकार आहे. कोणाच्या साक्षीला किती वजन द्यावें, याचा निसर्गानें घालून दिलेला कायदा नाहीं. तें कोणीतरी ठरवावें लागतें.

पूर्वींच्या काळीं तें काच ठरवीत असे. गेल्या शतकाच्याहि आधींच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकांतल्या, फोटोच्या काचांवरील रसायन निळ्या प्रकाशाला चटकन् जागें होई आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळें असे. त्यामुळें निळें आकाश पांढरेंफटक येई आणि लाल वस्त्र काळें ठिक्कर. हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं दाखवून दिलें, कीं रसायनांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळलीं, तर काचेला इतर रंगहि दिसूं लागतात. त्यानंतर प्रथम पिवळा-हिरवा ओळखणाऱ्या आणि पुढें सर्व रंग ओळखणाऱ्या काचा व फिल्मा क्रमाक्रमानें प्रचारांत आल्या.

याचा परिणाम आपल्याकडील चेहऱ्यांवर काय झाला असेल, तो सहज कल्पितां येतो. माणसाची कातडी, मग ती गोरी असो वा सांवळी, लाल प्रकाश अधिक आणि निळा प्रकाश कमी परतवते. निळाच तेवढा पाहणाऱ्या काचेवर ती असेल त्याहून काळसर उमटावयाची, हें उघड आहे. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत मोडत असे. त्याच राज्यांत सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं राजेरजवाड्यांचीं, सरदारांचीं आणि वास्तूंचीं अप्रतिम चित्रें काचेवर घेतलीं. १८४४ सालीं मेरठजवळच्या सरधना येथें जन्मलेला हा कलावंत १९०५ सालीं वारला. त्याच्या काचांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जतन केलेला आहे. त्या पिढीच्या कलावंतांना काचेचा हा पक्षपात पत्करूनच काम करावें लागे. उजेड बेतून, पडदे लावून, आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते चेहरा सांवरून घेत. पुढें सर्व रंग पाहणारी फिल्म आल्यावर भिंगासमोर पिवळी, हिरवी वा तांबडी काच लावून कोणता रंग उजळावा आणि कोणता दडपावा, तें थोडेंफार ठरवितां येऊं लागलें. परंतु तो निर्णय कळ दाबण्यापूर्वीं घ्यावा लागे. मागाहून तो फिरवितां येत नसे.

डिजिटल कॅमेऱ्यानें हा निर्णय पुढें ढकलला आहे. या कॅमेऱ्याच्या पोटांत फिल्मच्या जागीं लक्षावधि सूक्ष्म घरांची एक पाटी असते. यांतलें एकहि घर स्वतः रंग ओळखीत नाहीं. त्याला केवळ उजेडाचें मोजमाप कळतें. म्हणून प्रत्येक घरावर एक रंगीत झांकण बसविलेलें असतें. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांनीं सुचविलेल्या आणि १९७६ सालीं पेटंट मिळालेल्या रचनेंत निम्म्या घरांवर हिरवें, पाव घरांवर लाल आणि पाव घरांवर निळें झांकण असतें. बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रचना आजहि आहे. या घरांनीं दिलेले अंक जसेच्या तसे सांठविले, कीं तिला रॉ फाईल म्हणतात. रॉ म्हणजे कच्ची. आणि खरोखरच ती न शिजविलेल्या शिध्यासारखी असते. कॅमेऱ्यानें स्वतः शिजवून वाढलेली फाईल, जिला जेपेग म्हणतात, ती प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या ठेवते. रॉ फाईल १४ बिटांची असेल, तर १६,३८४ पायऱ्या ठेवते. शिवाय कॅमेऱ्यांतच काळा-पांढरा जेपेग निवडला, तर रंगांच्या साक्षी तेथल्या तेथें फेकून दिल्या जातात; मागून विचारावयाला साक्षीदार उरत नाहींत.

रॉ फाईल उघडणारीं सॉफ्टवेअरें आज पुष्कळ आहेत. ॲडोबी कंपनीच्या लाइटरूमसाठीं वर्गणी भरावी लागते. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीं कोणालाहि विनामूल्य मिळतात. या सर्वांची एक रीत चांगली आहे. तीं मूळ फाईलला हात लावीत नाहींत. काय काय करावयाचें, याच्या सूचना तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवतात. म्हणजे निगेटिव्ह कपाटांत सुरक्षित राहतें आणि अंधारखोलींतले प्रयोग हवे तितके करतां येतात. या अंधारखोलींत प्रत्येक रंगासाठीं एकेक स्लायडर, म्हणजे पडद्यावर डावी-उजवीकडे सरकणारी खूण, असते. लाल स्लायडर उजवीकडे नेला, कीं मूळ चित्रांत जें जें लाल होतें, तें तें करड्या छटेंत उजळतें. डावीकडे नेला, कीं काळवंडतें.

आतां एक प्रसंग कल्पून पाहूं. बदनापूर तालुक्यांतील एका खेड्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. हिरवें लुगडें, त्याला लाल काठ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आयुष्यभर कपाशीच्या व मोसंबीच्या रानांत राबून उन्हानें पिकलेला चेहरा. जालन्यांत शिकणारा नातू नवा कॅमेरा घेऊन येतो, आजीला ओसरीवर बसवून फोटो घेतो, आणि रात्रीं संगणकावर तो काळा-पांढरा करतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फार दिसतात, म्हणून तो लाल आणि नारिंगी स्लायडर बराच उजवीकडे सरकवितो. चेहरा उजळतो, सुरकुत्या विरतात. नातू खूष होतो. सकाळीं आजीला फोटो दाखवितो. आजी डोळे बारीक करून पाहते आणि म्हणते, "अरं, माझं कुकू कुठं गेलं? तुझा आजा बसलाय की समोर!"

नातवानें कुंकू पुसलें नव्हतें. त्याला त्याची जाणीवहि नव्हती. झालें काय, तें अंकांनीं पाहिलें म्हणजे स्पष्ट होईल. उदाहरणादाखल असें धरूं, कीं शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मोजणींत आजीच्या कुंकवाचे अंक लाल १९०, हिरवा ३०, निळा ४० असे आहेत. लुगड्याचे काठहि त्याच रंगाचे आहेत. चेहऱ्याचे अंक १५०, १०५, ८० आणि लुगड्याच्या हिरव्या अंगाचे ३०, ११५, ७० आहेत. केवळ लालाची साक्ष ऐकली, तर कुंकू १९० आणि चेहरा १५०. म्हणजे कुंकू कपाळापेक्षांहि उजळ! काळ्या टिळ्याच्या जागीं एक फिकट डाग उरावयाचा, आणि चेहरा आणखी उजळविला, कीं तोहि विरून जावयाचा. ओठांचेंहि तेंच, तेहि लाल, म्हणून तेहि पांढुरके.

बरें, स्लायडरांना हातच लावला नाहीं, तर? दूरदर्शनच्या जुन्या पद्धतींत लालाला सुमारें ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देत, कारण सामान्य डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. त्या हिशेबानें कुंकू ७९, चेहरा ११६ आणि लुगडें ८५ येतें. कुंकू ठीक दिसेल. परंतु लुगडें ८५ आणि त्याचे काठ ७९, म्हणजे काठ लुगड्यांत बुडून गेले. हौसेनें घेतलेलें काठाचें लुगडें फोटोंत बिनकाठाचें झालें! कोणतेंहि ठराविक वजन सर्वच चेहऱ्यांना आणि सर्वच वस्त्रांना न्याय देऊं शकत नाहीं, हें यावरून दिसून येईल.

आतां लालाला २०, हिरव्याला ७० आणि निळ्याला १० टक्के वजन देऊन पाहूं. कुंकू ६३, चेहरा सुमारें ११२, लुगडें सुमारें ९४. चेहरा जवळजवळ पूर्वींइतकाच राहिला, कुंकू ठसठशीत झालें आणि काठ लुगड्यापासून वेगळे निघाले. सॉफ्टवेअरमधला हिशेब याहून बारकाईचा असतो. तरी तत्त्व हेंच. लाल स्लायडर थोडा डावीकडे, हिरवा किंचित् उजवीकडे, आणि चेहऱ्याची छटा मुख्यतः नारिंगी स्लायडरनें सांभाळावयाची, एवढ्यानें आजीचें कुंकू, काठ आणि चेहरा हीं तिन्ही जागच्या जागीं येतात.

कुंकवाची गोष्ट लहान वाटेल, परंतु आपल्या समाजांत ती लहान नाहीं. पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसण्याची रूढि किती निष्ठुर आहे, हें ओळखून कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ती बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनानें इतर गांवांपुढें त्याचा आदर्श ठेवला. कुंकू लावावें कीं न लावावें, हें त्या स्त्रीनें ठरवावें, असाच त्या ठरावाचा गाभा आहे. जो अधिकार गांवकीलाहि नाहीं, तो संगणकाच्या एका स्लायडरला नकळत देऊन टाकणें कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. ती अधिक नाजूक आहे. सर्व मानवी कातडी नारिंगी-तांबूस रंगकुळांतली असल्यामुळें लाल आणि नारिंगी स्लायडर उजवीकडे नेणें हा माणूस 'गोरा' करण्याचा सर्वांत सोपा उपाय होय. लग्नासाठीं मुलीचा फोटो काढतांना 'जरा उजळ येऊं द्या' ही सूचना छायाचित्रकारांना नवी नाहीं. रंगीत फोटोंत असा उजाळा चटकन् ओळखूं येतो, कारण चेहरा पिठूळ दिसतो. काळ्या-पांढऱ्यांत मात्र तो बेमालूम लपतो. पाहणाऱ्याला मूळ रंग ठाऊकच नसतो. म्हणून येथें प्रामाणिकपणाचें ओझें सर्वस्वीं करणाऱ्यावर पडतें. याच्या उलट चूकहि होते. चेहरा 'भारदस्त' दिसावा म्हणून निळ्या साक्षीवर सारी भिस्त ठेवली, तर रोमरंध्रें, डाग आणि सुरकुत्या उगीचच उठून येतात; चेहरा काजळलेला दिसतो आणि निळ्या घरांत मुळांतच कमी असलेला उजेड ताणल्यामुळें चित्रांत खरखर माजते. कष्टकऱ्याला गोरा करणें जसें खोटें, तसेंच त्याच्या दारिद्र्याचें नाटक करण्यासाठीं त्याला काळाकुट्ट करणें हेंहि खोटेंच.

या दोन्ही टोकांच्या मधली वाट कशी असते, हें पाहावयाचें असेल त्यांनीं सुधारक ओलवे यांनीं घेतलेलीं मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं काळीं-पांढरीं छायाचित्रें अवश्य पाहावींत. या छायाचित्रकाराला २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत घाण आहे, घाम आहे आणि सांवळीं शरीरें आहेत. परंतु माणसें माणसांसारखीं आहेत. त्यांना उजळविण्याची वा काळवंडविण्याची गरज कोठेंच भासत नाहीं.

घरच्या घरीं हा उद्योग करूं इच्छिणाऱ्यांनीं पुढील क्रम ठेवावा. पहिली गोष्ट उजेडाची. मराठवाड्यांतल्या चैत्र-वैशाखाच्या दुपारीं उघड्यावर बसवूं नये. डोळे खोबणींत बुडतात आणि पांढरें पागोटें जळून निघतें. ओसरीच्या कडेला, दाराच्या उजेडांत बसवावें. दुसरी गोष्ट, रॉ फाईल घ्यावी आणि पागोट्याच्या किंवा धोतराच्या घड्या दिसत राहतील इतकाच प्रकाश आंत घ्यावा. घर भरून ओसंडलें, कीं त्यांतली माहिती कायमची गेली. कोणतेंहि सॉफ्टवेअर ती परत आणीत नाहीं.

तिसरी गोष्ट, काळ्या-पांढऱ्याकडे वळण्यापूर्वीं रंग शुद्ध करून घ्यावे. बल्बच्या पिवळ्या उजेडांत अंकच पिवळे होतात आणि मग स्लायडरांचा हिशेब चुकतो. रंग शुद्ध करण्यासाठीं धोतर पांढरें म्हणून त्यावर विसंबूं नये. त्याला नीळ दिलेली असते आणि म्हणून तें निळसर असतें. दुकानांत मिळणारें करडें कार्ड, जें सुमारें १८ टक्के उजेड परतवतें, तें एका फोटोंत आजीच्या हातांत देऊन घ्यावें. चौथी गोष्ट, मगच रंगांचे स्लायडर हलवावे, तेहि थोडथोडे. फार ताणले तर कपाळ आणि केस यांच्या सीमेवर पांढरी रेघ उमटते. पांचवी गोष्ट, शेवटीं डोळ्यांभोंवतीं किंचित् उजेड आणि पार्श्वभूमीवर किंचित् अंधार द्यावा. जुन्या अंधारखोलींत हाताची सावली धरून हेंच करीत असत.

आणि सहावी गोष्ट, जी कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहीं: रंगीत फोटो बाजूला उघडून ठेवावा, आणि शक्य असेल तर तें माणूसहि. दोहोंकडे आळीपाळीनें पाहून विचारावें, कीं हें तेंच आहे ना? ज्याचा फोटो त्याला दाखवावा, आणि त्यानें कांहीं विचारलें तर त्याचें ऐकावें. नातवानें आजीचें ऐकलें, स्लायडर मागें आणला, आणि कुंकू परत आलें. त्याबरोबर सुरकुत्याहि परत आल्या. पण त्यांबद्दल आजीनें तक्रार केली नाहीं. त्या तिच्या स्वतःच्याच होत्या.

फोटो झाल्यावर मूळ रॉ फाईल दोन ठिकाणीं सांभाळून ठेवावी आणि चौकटीच्या मागें नांव, गांव व साल लिहावें. वाड्याच्या भिंतीवरील पणजोबांच्या पागोट्याचा रंग कोणता होता, हें आज घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं; ती माहिती काचेबरोबर संपली. आजच्या आजीच्या लुगड्याचा हिरवा रंग मात्र त्या कच्च्या नोंदींत जपून ठेवलेला असेल. पन्नास वर्षांनीं एखादी पणती ती फाईल उघडील, भिंतीवरच्या तसबिरीशीं ताडून पाहील, आणि आज कोणी तिच्या पणजीला कसें दाखविलें, याचा निवाडा करील. तो निवाडा आपल्या बाजूनें लागावा, अशा हातानें आज स्लायडर सरकवावा, हें बरें.